एका हंगामाचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला, की आता महागाई भत्ता, बोनस आणि कंत्राटी पद्धत यांवर तासभर ऐकावे लागणार, अशी धास्ती श्रोत्यांना वाटते. ती धास्ती आज मनातून काढून टाकावी. आज आम्ही क्रिकेटवर बोलणार आहोत. मात्र तीस वर्षे हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली असल्यामुळे, कोणी किती काम केले आणि त्याच्या पदरात काय पडले हे पाहण्याची आमची खोड काही जात नाही. म्हणून या व्याख्यानाचे नाव आम्ही ‘एका हंगामाचा हिशेब’ असे ठेवले आहे.

आमचे शाळेतले शिक्षण नववीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा इतिहासकार म्हणून आम्ही येथे उभे नाही. या विषयात रामचंद्र गुहा आणि प्रशांत किदंबी या विद्वानांनी पुष्कळ कष्ट घेतलेले आहेत, आणि त्यांच्या कष्टांवर आमच्यासारख्यांचे वाचन पोसलेले आहे. आम्ही फक्त तीच जमाखर्चाची वही आमच्या नजरेने वाचून दाखवणार आहोत.

हंगाम आहे १९११ सालचा. त्या वर्षी मे महिन्यात मुंबईच्या धक्क्यावरून एक संघ बोटीने विलायतेस निघाला. त्यापूर्वी १८८६ आणि १८८८ साली पारशांचे संघ तिकडे जाऊन आले होते. पण ते एका समाजाचे संघ. हिंदू, मुसलमान, पारशी आणि शीख एका झेंड्याखाली, ‘अखिल भारतीय’ म्हणून जाण्याची ही पहिलीच वेळ. हे सहजासहजी जमले असे मात्र नव्हे. आधीच्या प्रयत्नांत कोणत्या समाजाला किती जागा, याच्यावरच गाडे अडून बसले होते. शेवटी जमला तो संघ असा : सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि कप्तान म्हणून पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराजांचे वय त्या वेळी १९ वर्षांचे होते. कप्तानी त्यांना का मिळाली, हे विचारण्याचे कारण नाही. ज्याची थैली त्याची कप्तानी, हा नियम क्रिकेटच्या नियमपुस्तकात छापलेला नसला तरी फार जुना आहे.

त्या पाच हिंदूंत दोघे सख्खे भाऊ होते. थोरला बाळू, धाकटा शिवराम. आडनाव पालवणकर. कोकणातल्या पालवण या गावावरून हे आडनाव आले, आणि म्हणून रत्नागिरीच्या सभेत त्यांची गोष्ट सांगताना परक्या माणसाची गोष्ट सांगितल्यासारखे वाटत नाही. आपल्या मुलखातली घरेच्या घरे पलटणीत, गोदीत आणि गिरणीत पांगली. हे त्यांतलेच एक घर. समाजाने चर्मकार. वडील लष्कराच्या चाकरीत. बाळूंचा जन्म १८७५–७६ च्या सुमारास धारवाडला झाला आणि बाळपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन ही भावंडे खेळावयास शिकली.

आता वहीचे पहिले पान. बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात : मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले. पगार ४ रुपये. काम तेच, वर जाळी लावायची आणि पट्टे आखायचे. साहेब लोकांना सराव हवा असे, तेव्हा कोणा एकाने या माळ्याला चेंडू टाकावयास सांगितले. डावखुरा, संथ आणि फसवा असा तो मारा होता. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज त्या क्लबात होते. ते बाकीच्यांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंच्या चेंडूंवर सराव करीत. साहेबांना बाद केले, की दर वेळी ८ आणे बक्षीस, असा बोलीचा व्यवहार होता असे सांगतात. म्हणजे हे उक्ते काम झाले, श्रोतेहो! आमच्या भाषेत याला ‘पीस रेट’ म्हणतात. तासन् तास चेंडू टाकून साहेबांचा हात तयार झाला आणि बाळूंचाही. पण त्या क्लबात बाळूंच्या हातात बॅट कधी देण्यात आली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, ते माळ्याने करावे. बॅट धरणे हा मान, तो साहेबाचा.

पुढे पुण्यातल्या हिंदूंना युरोपियनांशी सामना खेळायचा होता. जिंकायचे तर बाळू हवे. पण बाळूंना घ्यायचे तर पंगतीचे काय? वाद झाला आणि शेवटी तोडगा निघाला. मैदानावर बाळू सर्वांबरोबर खेळतील, त्यांनी टाकलेला चेंडू सर्वजण हातात घेतील. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळेल आणि जेवणही वेगळे होईल. तोच घाम लागलेला चेंडू चालतो, पण पेला चालत नाही! न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषाने या विसंगतीवर बोट ठेवले आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवावयासही बसा, असे सुनावले, ही त्या काळातली जमेची बाजू. ज्या रत्नागिरीत सहभोजने झाली आणि १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले, त्या गावाला या पेल्याचा अर्थ आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईस आले. तेथे हिंदू जिमखान्यात खेळू लागले आणि बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरीला लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. तेव्हा १९११ साली बोट निघाली त्या वेळी हा पस्तिशीतला रेल्वे कामगार हिंदुस्थानचा सर्वांत नाणावलेला गोलंदाज होता. पण तो ज्या हिंदू संघाकडून खेळे, त्या संघाची कप्तानी त्याला एकदाही मिळालेली नव्हती.

आता प्रत्यक्ष हंगाम. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत संघ २३ सामने खेळला. त्यांत १४ सामने पहिल्या प्रतीचे, म्हणजे विद्यापीठे, काउंटी आणि एम. सी. सी. यांच्याशी. एकूण जिंकले ६, हरले १५, अनिर्णित २. पहिल्या प्रतीच्या चौदांत विजय अवघे २. सुरुवातीचे आठवडे तर पराभवामागून पराभव. कप्तान महाराज थोडे सामने खेळले आणि मग जूनमधल्या राज्याभिषेक समारंभात, मेजवान्यांत आणि भेटीगाठींत गुंतले. राजा पाचवा जॉर्ज याला २२ जून रोजी मुकुट चढवण्यात आला. त्या उन्हाळ्यात लंडनला संस्थानिकांची रीघ लागली होती. के. एम. मिस्त्री हा संघातला एक उत्तम पारशी फलंदाज, पण तो महाराजांच्या पदरी नोकरीला. मालक निघाले, त्यांच्या मागे नोकर निघाला. संघ एका चांगल्या फलंदाजाला मुकला. नेतृत्वाचे ओझे डॉक्टर होमी कांगा यांच्या खांद्यावर पडले. मुंबईत आज ज्यांच्या नावाने भर पावसात कांगा लीगचे सामने होतात, तेच हे गृहस्थ.

आणि गोलंदाजीचे ओझे? ते बाळूंच्या खांद्यावर. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी, आणि कांगांच्या मोठ्या शतकाच्या जोडीने संघाचा पहिला महत्त्वाचा विजय. मग टाँटनला सॉमरसेटविरुद्ध धाकट्या शिवरामने नाबाद ११३ धावा काढल्या आणि संघ एक गडी राखून जिंकला. पहिल्या प्रतीचे दोनच विजय; एकात थोरल्याचा हात, दुसऱ्यात धाकट्याचा. संपूर्ण हंगामात बाळूंनी ११४ बळी घेतले, प्रत्येकी सरासरी १८.८४ धावांत. पहिल्या प्रतीच्या सामन्यांत ७५. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाला दुसरा डाव पुष्कळदा पुरा टाकावयास मिळत नाही, म्हणजे बळी मिळवण्याची संधीच कमी होते, हे ध्यानात घेतले तर या आकड्यांचे वजन कळेल.

येथे वहीचे पान क्षणभर बाजूला ठेवून त्या वेळच्या इंग्लंडकडे पाहू. १९११ चा उन्हाळा तिकडे कडक तापला होता, आणि कामगारही तापले होते. जूनमध्ये खलाशांचा संप, मग बंदरांतून गोदी कामगारांचे संप, लिव्हरपूलमध्ये रस्त्यावर फौज, आणि ऑगस्टमध्ये, आपल्या संघाचा दौरा संपत आला असता, रेल्वे कामगारांचा पहिला देशव्यापी संप. रेल्वेच्या चार संघटना प्रथमच एकत्र आल्या. वेल्समध्ये लॅनेली या गावी फौजेच्या गोळीबारात दोन माणसे मेली. दोन वर्षांनी त्या चारांपैकी तीन संघटना एक झाल्या. मुंबईच्या रेल्वेत चाकरी करणारा एक खेळाडू त्या वेळी तिकडच्याच आगगाडीने गावोगाव फिरत होता. त्याने संपातले काय पाहिले हे त्याने लिहून ठेवलेले आमच्या वाचनात नाही, आणि त्याच्या तोंडी शब्द घालण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण तिकडच्या क्रिकेटमध्ये हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेयर’ यांच्या खोल्या वेगळ्या, पुष्कळ मैदानांवर आत येण्याचे दरवाजे वेगळे, हे तर त्याला दिसलेच असणार. हा भेद विलायतेत १९६२ साली रद्द झाला. म्हणजे वेगळ्या पेल्याची कला केवळ आपल्याच देशाला साधली होती असे नव्हे. तिकडे पेला पैशावर ठरे, आपल्याकडे जन्मावर. पैसा मिळवता तरी येतो.

संघ परतला. मुंबईत दलित समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला, मानपत्र दिले. त्या सत्काराशी त्या वेळी कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. गावोगावच्या अस्पृश्य मुलांना या ११४ बळींनी केवढा धीर दिला असेल! पण हिंदू संघाची कप्तानी? ती १९१२ ला मिळाली नाही. १९१३ साली ती एम. डी. पै यांच्याकडे गेली. पै मोठ्या मनाचे. आपल्याच सत्कारात त्यांनी सांगितले, की हा मान वडीलकीने आणि अनुभवाने बाळूंचा होता. भाषण उत्तम झाले, पण कप्तानी काही हलली नाही. सद्भावनेने भरलेली भाषणे आम्ही व्यवस्थापनाच्या टेबलापलीकडून पुष्कळ ऐकली आहेत. पगारपत्रकावर त्यांनी आकडा बदलत नाही.

मग बदलला कशाने? १९२० सालची चौरंगी स्पर्धा पुण्यात भरली. बाळूंना संघातून वगळण्यात आले. नेमलेले कप्तान पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल पालवणकरासारखा अनुभवी खेळाडू संघात असताना त्याला डावलून दुसऱ्याला कप्तान करण्यात आले. हा विठ्ठल बाळूंचा आणखी धाकटा भाऊ आणि हिंदूंचा पहिल्या प्रतीचा फलंदाज. विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी खेळण्यास नकार दिला आणि आपली बाजू जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडली. हात जोडून विनंती नव्हे, आणि शिवीगाळही नव्हे. काम बंद, आणि कारण लेखी. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. गांधीजींनी अस्पृश्यतेविरुद्ध आवाज उठवल्याचे ते दिवस होते, लोकमत हलू लागले होते. अंतिम सामन्यापूर्वी समेट झाला, भाऊ परतले, बाळू उपकप्तान झाले. आणि १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवले, तेव्हा सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतले. पुढे विठ्ठलने ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केले. तरुणांनी ते शोधून वाचावे.

आमच्या हिशेबाचे सार येथे येते. कौशल्याने माणसाला मैदानात घेतले जाते, कारण मैदानाला त्याची गरज असते. पण मानाची जागा कौशल्याने आपोआप मिळत नाही. ११४ बळी घेऊन जे मिळाले नाही, ते दोन माणसांनी मिळून ‘नाही’ म्हटल्यावर दारापाशी आले.

पण कोणी असे समजू नये, की एकजूट म्हटली की न्याय आलाच. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीसारखा खेळ आहे आणि तेथे पगारी संघांचा हंगाम वसंतापासून शरदापर्यंत चालतो. १९१२ च्या मे महिन्यात डेट्रॉइटच्या खेळाडूंनी, आपल्या एका गड्याला झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ, मैदानावर उतरण्यास नकार दिला. मालकाने मिळतील ती पोरे गोळा करून खेळवली. ती २४ विरुद्ध २ अशी हरली. त्याच वर्षी खेळाडूंनी संघटना काढली. पुढे १९६६ साली पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये काम केलेला मार्व्हिन मिलर हा माणूस त्यांच्या संघटनेचा प्रमुख झाला आणि खेळाडूला जन्मभर एका मालकाशी बांधून ठेवणारे कलम १९७५ साली मोडून पडले. वाचून आमची छाती फुगली. पण त्याच डेट्रॉइटच्या काळात काळ्या माणसाला त्या मैदानावर पाऊलच ठेवता येत नव्हते. जॅकी रॉबिन्सन आला तो १९४७ साली. म्हणजे गोऱ्या खेळाडूंनी एकजूट केली ती कुंपणाच्या आतल्यांपुरती. बाळूंना निदान आत घेऊन बाहेर चहा पाजला. तिकडे आतच घेतले नाही.

हे बोलताना आमची जीभ थोडी अडखळते, आणि तिचे कारण सांगितल्यावाचून हा हिशेब खरा होणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याचा क्रिकेट संघ होता आणि त्यातला सर्वांत चांगला गोलंदाज एक कंत्राटी मजूर होता. त्याच्या जिवावर एका वर्षी संघाने ढाल जिंकली. नंतर ढालीसह छायाचित्र काढले, ते फक्त कायम कामगारांचे. तो मुलगा छायाचित्रकाराच्या मागे उभा राहून पाहत होता. जेवणाच्या सुटीतही कायम कामगार बाकावर बसत आणि कंत्राटी मजूर भिंतीच्या सावलीला. आम्ही तेथे होतो. आम्ही काय केले? काही नाही. तो आमचा सभासद नव्हता. वर्गणीच्या पावतीवर ज्याचे नाव नाही, त्याचा अपमान हा आमचा विषय नाही, असा आमचा त्या वेळचा हिशेब होता. पुढे पाच-सहा वर्षांनी कंत्राटी मजुरांना युनियनचे दार उघडले, पण तोवर तो मुलगा काम सोडून गेला होता. पालवणकरांची गोष्ट आम्ही त्यानंतर वाचली, आणि वाचताना मंडपाबाहेर चहा पिणारा माणूस आम्हांस जेवढा दिसला, त्याहून अधिक स्पष्ट मंडपात बसलेले दिसले. त्यांत आम्ही होतो.

बाळूंचे पुढचे आयुष्य सरळ रेषेत गेले नाही. १९३२ च्या संयुक्त मतदारसंघाच्या वादात ते आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला होते, आणि १९३७ च्या मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांनाच आंबेडकरांसमोर उभे केले. सुमारे २,००० मतांनी ते हरले. ज्या तरुणाने कधी काळी त्यांच्या सत्काराला हातभार लावला, त्याच्याशीच झुंजावे लागले. कोणाची बाजू बरोबर, याचा निकाल इतिहासाने बराचसा दिलेला आहे. पण ज्याने उभे आयुष्य एकेका पेल्यासाठी, एकेका जागेसाठी संघाच्या आत राहूनच झगडा केला, त्याला वेगळे होण्याचा मार्ग पटला नसेल तर त्याला आम्ही बोल लावणार नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

श्रोतेहो, २३ सामने, ६ विजय, १५ पराभव. एवढाच हिशेब पाहिला तर तो हंगाम तोट्याचा. पण वहीत दुसरा रकाना आहे : ११४ बळी, आणि त्यांच्यासमोर कप्तानीच्या जागी शून्य. ते शून्य पुसावयास आणखी बारा वर्षे लागली, आणि ते थोरल्या भावाच्या नावापुढे कधीच पुसले गेले नाही. आता मे महिन्याच्या सुटीत आपल्या गावच्या मैदानांवर सामने रंगतील. तुमच्या संघासाठी खेळपट्टीवर पाणी मारणारा, जाळी बांधणारा मुलगा कोण आहे, त्याचे नाव काय, आणि सामना संपल्यावर तो कोठे बसून चहा पितो, एवढे या वर्षी पाहून ठेवावे.